चिंचेखालचं पीठ

जेठ बायको घेऊन येताहेत, ही बातमी सुरतेकडचा एक कापडवाला आमच्या ओट्यावर बसून सांगून गेला. पाणी पिऊन झाल्यावर तांब्या खाली ठेवता ठेवता तो म्हणाला, "बाई हबसीण शे. पन सभाव चांगला शे." सासूबाई दाराआड उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मी त्यांच्या मागे होते. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती आणि ती पाठ हलत नव्हती.

जेठ म्हणजे आमच्या ह्यांचे थोरले भाऊ, मिसरूड फुटायच्या आधीच आफ्रिकेत गेले होते. आम्ही तापीकाठचे शेतकरी. आमच्यातलं फारसं कोणी तिकडे जात नाही. पण सासूबाईंच्या माहेरच्या नात्यातल्या एकाने तिकडे दुकान घातलं होतं आणि त्याला घरचा माणूस हवा होता. मुलखाचं नाव मोझांबिक, राज्य पोर्तुगिजांचं. गाव त्याला मोसंबीचा मुलूख म्हणे. सासरे वारले तेव्हा जेठांना कळवलं, आणि ते परत निघाले ते असे.

मी तेव्हा एका मुलीची आई होते. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण चारचौघांत तोंड उघडायची मला लहानपणापासून धास्ती. सासरी आल्यावर तर पदराआड राहायची सोयच झाली. मला वाटायचं, न बोलणाऱ्या माणसाला कोणी त्रास देत नाही. भाभी येणार म्हटल्यावर मला धसका बसला तो तिच्या रंगाचा नव्हता. या घराकडे आता सगळं गाव बघत राहणार, याचा होता.

गाडी दारात थांबली. गुडघ्याखाली पोचणारं मोठाल्या फुलांचं एक कापड कमरेला, तसंच दुसरं खांद्यावरून, अशी ती उतरली. उतरली आणि सासूबाईंसमोर धुळीत गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांची ओंजळ करून हळूहळू टाळ्या वाजवायला लागली. आवाज असा, जसं ओल्या मातीवर कोणी थापटतं. सासूबाई एक पाऊल मागे सरल्या. मीही सरले. भिंतीवर बसलेली पोरं खिदळली. जेठ म्हणाले, "आई, तिना देशमा मोठासले असाच नमस्कार करतस."

सासूबाईंनी भिंतीवरच्या पोरांना हाकललं. मग म्हणाल्या, "कायी शे ते शे. मन्हा आंडोरनी, मन्हा लेकनी आनेल शे. उठाड तिले, तोंड धुवू दे."

जातीने जेठांना पंगतीतून उठवलं. घरातून उठवायचं की नाही, हे सासूबाईंवर होतं. त्यांनी मागची पडवी दिली, चूल वेगळी करून दिली. पाण्याच्या जागेकडे आणि देवाकडे भाभीने यायचं नाही. हे सगळं त्यांनी मला सांगितलं आणि मी भाभीला सांगायचं होतं. तिला दुकानातली गुजराती येत होती, मला आमची घरची अहिराणी. दोन्हींच्या मधल्या भाषेत मी तिला कसंबसं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एक शब्द म्हणाली, "कोशुकुरू." मला वाटलं शाप देते आहे की काय. पुढे कळलं, त्यांच्यात कोणी काही दिलं, सांगितलं, अगदी वाटेतून बाजूला झालं तरी असं म्हणतात. उपकार मानायचा शब्द. आमच्याकडे घरातल्या घरात असं कोणी म्हणत नाही. मी दळणाचं टोपलं तिच्याकडे सरकवलं की ती म्हणे, मीठ दिलं की म्हणे. नदीवरच्या बायकांना ते कळलं तेव्हा त्या आपसांत एकमेकींना धोपाटणं देतानाही म्हणायला लागल्या आणि हसून हसून पाण्यात बसायच्या.

जात्यावर मात्र आमचं जमलं. तिला दळण नवीन होतं. तिच्या गावी ज्वारी उखळात कांडत. दोन बायका समोरासमोर, एकीचं मुसळ खाली आलं की दुसरीचं वर, आणि वर गेलेलं मुसळ हवेत सोडून मध्येच एक टाळी वाजवायची. तिने मला ते शिकवलं. माझ्या पायावर मुसळ पडलं तेव्हा ती इतकी घाबरली की माझा पाय मांडीवर घेऊन बसली, आणि सासूबाई दारात येऊन बघून गेल्या.

दळता दळता ती तिच्या लोकांबद्दल सांगायची. ते स्वतःला मकुवा म्हणवतात. समुद्रापासून एक दिवस चालत गेलं की तिचं गाव. घरं मातीची, वर गवताने शाकारलेली. काजूची झाडं एवढी की हंगामात सगळी वाट आंबूस वासाची होते. ज्वारीच्या पिठाचा घट्ट गोळा करून सगळे एका ताटात हाताने खातात. आणि सगळ्यांत मला नवल वाटलं ते हे: त्यांच्यात मुलं आईच्या कुळाची. नवरा लग्न करून बायकोच्या गावी राहायला येतो. मुलांवर हक्क बापाचा नाही, मामाचा. बहिणीची मुलगी ती आपलीच मुलगी, तिला वेगळा शब्दच नाही.

"अन् सासू?" मी विचारलं.

"सासू जमाईनी," ती म्हणाली. "जमाई सासूला घाबरे. तोंड झाकून बाजूला उभा राहे."

मी इतकी हसले की जातं थांबलं. आत सासूबाईंच्या कानावर जाईल म्हणून तोंडात पदर कोंबला.

तिकडच्या राज्याबद्दल ती फारसं बोलत नसे. एकदाच म्हणाली की साहेबाचे सिपाय येतात. तोच शब्द, आपलाच, शिपाई. माणसं धरून रस्त्याच्या कामाला नेतात, कापूस पेरायला लावतात, आणि कमी भरला तर लाकडी फळीने तळहातावर मारतात. फळीला भोकं असतात, त्यात कातडी ओढली जाते. असं सांगताना तिने दोन्ही हात काखेत दाबून घेतले. तिच्या भावाचे हात त्यानंतर नीट मिटत नसत.

तोंडाला लावायच्या पांढऱ्या लेपावरून पहिल्यांदा गावात कुजबुज झाली. तिने पेटीतून एका झाडाचं वाळकं खोड आणलं होतं. पाण्यात भिजवून दगडावर उगाळायचं आणि चेहऱ्याला लावायचं. कातडी मऊ राहते. लग्नाच्या, सणाच्या दिवशी त्यांच्या बायका तो लेप लावून हिंडतात. सासूबाईंना आधी चंदन वाटलं, त्यांनी नाकाशी नेऊन बघितलं. मग म्हणाल्या, घरात काय लावायचं ते लाव, बाहेर नको. पण तोवर एकदा ती पांढऱ्या तोंडाने शेण टाकायला गेली होती.

नदीवर एकीने मला विचारलंच. "तुन्ही जेठाणी तोंडले काय फासस वं? चुना?"

"झाडनं खोड शे," मी म्हटलं.

"मंग तुले बी लायी ले ना जरासं. तू बी इंग्रजीण व्हई जाशी."

सगळ्या हसल्या. पण एक म्हातारी हसली नाही. धुणं पिळता पिळता ती म्हणाली, "तिले पोर नही ना वं? इतला वरीस व्हई गयात लगीनले. असा बायासपासून लेकरू जपजो."

ते वाक्य मी घरी आणलं नाही. पण ते माझ्याबरोबर आलंच.

मी लहान असताना खापर गावच्या बाजारात वडिलांबरोबर गेले होते. तिथे बाजाराच्या कडेला एक बाई बसलेली दिसली. डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या पलीकडेही नाही. वडिलांनी मला ओढून पुढे नेलं. पुढे आईकडून कळलं की तिला डाकीण ठरवून मिरचीच्या धुरीवर धरली होती, डोळे त्यातच गेले. कोणाचं तरी मूल दगावलं होतं. आमचे लोक म्हणत, हे डोंगरातल्या लोकांचं काम, आपल्यात असं नाही. आपल्यात असं नाही, हे इतक्यांदा म्हणत की मला त्याचीच भीती वाटायची.

त्या पावसाळ्यात माझी मुलगी तापाने पडली. ताप उतरेना. वैद्याचा काढा झाला, सासूबाईंनी देवीला नवस बोलून झाला. पोर डोळे उघडी, पण ओळखत नव्हती. तेव्हा आमचे हे नंदुरबारला डॉक्टर आणायला गेले, आणि ते नदी उतरून पलीकडे गेले त्याच दिवशी तापीला पूर आला. नाव बंद झाली. जेठ त्याआधीच सुरतेला गेलेले. घरात आम्ही तिघी बायका आणि ती पोर.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी जात्यावर बसले होते. दळायचं म्हणून नाही, हात रिकामे राहिले की वेड लागेल म्हणून. भाभी आली आणि तिने पीठ मागितलं. ज्वारीचं, नवं, कोणी न हाताळलेलं. मग तिने माझ्या मुलीचं नाव नीट विचारलं, माझं विचारलं, माझ्या आईचं विचारलं. मी सांगितलं. तिच्या आईच्या आजारपणात तिच्या मावशीने काय केलं होतं, ते मला तिने पूर्वी सांगितलेलं होतं. घराण्यातली वडील बाई पहाटे झाडाखाली जाते, पिठाची मूठ हळूहळू सोडते, त्याची टोकदार रास होते. मग ती गेलेल्या आई-आज्यांना नावाने हाक मारते आणि सांगते की तुमचं लेकरू आजारी आहे, बघा. त्यांचा एक वरचा देव आहे, मुलुकु म्हणतात. पण त्याच्याकडे आपण सरळ जायचं नसतं, आपल्या मेलेल्या माणसांनी जायचं.

"तू बेन," ती म्हणाली. "तारी दीकरी ते मारी दीकरी. वडील हुं." तुझी मुलगी ती माझी मुलगी, आणि आपल्यात थोरली मी.

मी सुपातून पीठ काढून तिच्या ओंजळीत दिलं. तिने ते पदराच्या टोकात धरलं आणि गेली.

तिने झाड निवडलं ते चिंचेचं. गावाबाहेर, नाल्याच्या काठचं. तिच्या गावी चावडीसारख्या जागेवर चिंच होती, म्हातारे तिच्याखाली बसत. आल्यापासून या एकाच झाडाला ती नावाने ओळखत होती. आमच्या गावात दिवसाउजेडीही त्या चिंचेखालून कोणी जात नाही. बाळंतपणात गेलेल्या बाया तिथे असतात म्हणतात. मी तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण माझ्या मनात आलंच नव्हतं की कोणाला हे माहीत नसेल.

लोटा घेऊन निघालेल्या बायकांनी तिला पाहिलं. चिंचेखाली बसलेली, पुढे पांढरी रास, टाळ्या वाजवते आहे आणि नावं घेते आहे. माझ्या मुलीचं नाव त्यांनी कानांनी ऐकलं.

सूर्य वर येईतो गावभर झालं होतं. त्या दिवशी तिने तोंडाला काही लावलेलं नव्हतं. पण सांगणाऱ्या बाईच्या तोंडी तिचं तोंड पांढरंफटक होतं, पुढच्या बाईच्या तोंडी तिचे केस सुटलेले होते, आणि आमच्या दाराशी गोष्ट पोचली तेव्हा तिच्या अंगावर कपडा उरला नव्हता.

माणसं ओट्यावर जमली. पोलीसपाटील आले. ते वाईट माणूस नव्हते. जोडे काढून सासूबाईंना म्हणाले, "काकी, तुम्ही घाबरू नका. आम्ही कोनले हात लावत नही. भगतले बलायेल शे. तो दाना देखी, मंग ठरी. तोपावत तिले घरबाहेर जाऊ देऊ नका." भगत म्हणजे देवऋषी; आजाऱ्याच्या घरचे मूठभर दाणे पाहून डाकीण कोण ते तो सांगतो.

"अन् ठरनं तं?" सासूबाईंनी विचारलं.

पाटलांनी जोडे पायात चढवले. ओट्याच्या कडेला कोणीतरी एक घमेलं आणून ठेवलं होतं, आणि त्याच्याजवळ वाळक्या लाल मिरच्यांचा ढीग.

भाभीला ओट्यावर बसवलं. तिला वाटलं, लोक मुलीची विचारपूस करायला आले आहेत. येईल त्याला ती मान हलवून सांगत होती, "सारू थशे. सारू थशे." बरं होईल. मी दारात आले तेव्हा तिने मिरच्यांकडे बोट केलं आणि हळूच विचारलं, "आटली मरची? कोण जमवा आवे छे?"

एवढ्या मिरच्या, कोण जेवायला येतंय? मी आत गेले आणि मुलीच्या अंथरुणाशी बसले.

तिथे बसून मला काय काय वाटलं, ते आज इतक्या वर्षांनी लिहायलाही कठीण जातं. मुलीचा हात माझ्या हातात भाजत होता. भाभीने नावं का विचारली? माझं, आईचं, पोरीचं? करणी करणाऱ्याला हेच तर लागतं. तिने मला जे सांगितलं ते खरंच असेल कशावरून? मला तिची भाषा कुठे येते? तिने चिंचेखाली बसून काय म्हटलं, ते जगात कोणालाच कळलेलं नाही. ती म्हातारी म्हणाली होती, लेकरू जपजो. ज्या बाईने माझा पाय मांडीवर घेतला होता, तिला मी त्या घटकेला घाबरत होते. बाहेरच्या लोकांइतकीच, कदाचित जास्त. कारण अंथरुणावर त्यांची पोर नव्हती.

सासूबाई समोर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "धाकले, भगत पह्यले तुले इचारी. पोरनी माय शे तू. मायनी मूठभर दाना दिधात तं तो देखस. तुन्हा हातना दाना." पोरीचं पांघरूण सारखं करून म्हणाल्या, "तुले काय वाटस?"

माझ्या लग्नापासून त्यांनी मला काय वाटतं हे पहिल्यांदा विचारलं होतं. मी म्हटलं, "पीठ मी दिधं."

"काय?"

"तिने मांगं. मी दिधं. तिनी आईसाठे असंच करेल व्हतं त्यास्नी."

सासूबाईंनी पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग उठल्या, कोठीतून सुपात पीठ घेतलं आणि सूप माझ्यापुढे ठेवलं. "मंग दाना नको लई जाऊ," म्हणाल्या. "मी पोरजवळ बसस."

भगत दिवस कलायच्या आत आला. वाळका, म्हातारा भिल्ल माणूस, खांद्यावर घोंगडी, पायाला मांडीपर्यंत चिखल. त्याने आधी पाणी मागितलं, मग चिलीम. मग म्हणाला, पीठ कुठे आहे ते दाखवा. सगळे निघाले. भाभीच्या दोन्ही बाजूंना काठ्या घेतलेली माणसं चालत होती. काठ्या बघून तिने हात काखेत दाबून घेतले. तेव्हा कुठे तिला कळलं असावं. तिने मागे वळून मला शोधलं. मी सूप घेऊन बायकांच्या मागे होते, माझ्या तोंडावर पदर होता.

रास तशीच होती. टोकदार, एका बाजूला मुंग्यांची ओळ लागलेली. भगत उकिडवा बसला, वाकून बघितलं, बोट लावलं नाही.

"पोरनी माय कोन?"

बायकांनी मला पुढे ढकललं. इतक्या पुरुषांसमोर मी कधी उभी राहिले नव्हते.

"दाना दे, मूठभर."

माझ्या तोंडून शब्द निघेना. मग मी खाली बसले, सुपातल्या पिठाची मूठ भरली आणि भाभीच्या राशीवर हळूहळू सोडली. तिने सांगितलं होतं तशी, करंगळीच्या बाजूने, थोडी थोडी. मागे एकदम गलका झाला. "वं माय, हायी बी!" कोणीतरी ओरडलं. मी थांबले नाही. आता नावं घ्यायची होती. आईचं घेतलं. ती माझ्या लग्नाआधीच गेली होती. पुढे आईच्या आईचं घ्यायचं, आणि मला ते येईना. सासरच्या घराण्यातले पुरुष मला पाचव्या पिढीपर्यंत पाठ होते. आईच्या आईला मी फक्त आजी म्हणत होते, आणि सगळं जग तिला कोणाची तरी आई म्हणत होतं. मी "आजी" म्हटलं. मग तिची आई. "आजीची आई" म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

भाभी काठ्यांच्या मधून आली आणि माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसली. टाळी वाजवायला लागली. टाळी जुळत नव्हती.

भगत उभा राहिला. "सकायनं पीठ कोनं?" त्याने मला विचारलं.

"मन्हं," मी म्हटलं.

"मायनीच टाकेल शे," तो पाटलांकडे वळून म्हणाला. "माय आपली पोरवर करनी करी का? मी काय देखू आठे? माले दाना नही, कामबी नही." घोंगडी झटकून खांद्यावर टाकली. "कोंबडा मात्र लिसू. इतला चिखल तुडाडत उनू."

कोणीतरी हसलं. पाटील नाही हसले. पण काठ्या खाली आल्या. लोक हळूहळू पांगले, जाताना मागे बघत. भगत माझ्याजवळून गेला तेव्हा पुटपुटला, "पोरले जगाड, माय. पोर गयी तं माले परत बलावतीन. मंग दोन्हीसले देखनं पडी."

हे त्याने धमकी म्हणून सांगितलं नाही. पाऊस येणार आहे, असं सांगावं तसं सांगितलं.

पूर ओसरला आणि आमचे हे डॉक्टरला घेऊन आले. त्याने सुई टोचली, बाटली दिली. मुलगी जगली. एका कानाने तिला कमी ऐकू येतं, पण जगली. औषधाने, नवसाने की पिठाने, मला माहीत नाही, आणि त्या दिवसांत मला ते कोणी विचारलंही नाही. गावाने आपलं ठरवलं होतं.

आधी नदीवरची ती म्हातारी आली. पुढच्या दाराने नाही, पडवीकडून. तिच्या नातवाला खोकला होता. भाभीला म्हणाली, जरा पीठ टाक ना. मग आणखी एक आली, म्हशीसाठी. मग एक नवी सून, दिवस राहत नव्हते म्हणून. ज्या बायकांनी तिचे केस सुटलेले पाहिले होते, त्याच. भाभीला आनंद झाला. तिला वाटलं, तिला आता गावात घेतलं. ती त्यांना सांगायचा प्रयत्न करी की हे असं कोणासाठीही करता येत नाही, आपल्या कुळासाठी करायचं असतं. पण त्या ऐकत नव्हत्या, पिठाचं गाठोडं ठेवून जायच्या. सासूबाईसुद्धा खूश होत्या. त्यांनी भाभीला पाण्याच्या जागेकडे येऊ दिलं.

मी मात्र रोज जास्त घाबरत गेले. म्हातारीचा नातू बरा झाला, तो आपोआपही झाला असता. म्हैस पान्हवली. पण कधीतरी कोणाचं तरी मूल जाणारच होतं. जिच्या हातात जगवायचं आहे, तिच्या हातात मारायचंही असतं, असंच हे लोक धरून चालतात. आणि पुढच्या वेळी त्या मुलाची आई मी नसणार. ती दुसरीच कोणी असेल, आणि भगताने दाणे मागितले की मूठभर देईल. का देणार नाही?

जेठ परतल्यावर मी त्यांच्याशी बोलले. जेठांशी बोलायची आमच्यात रीत नाही. मी दाराआडून, भिंतीकडे तोंड करून बोलले. म्हटलं, भाभीला तिच्या गावी न्या. इथे ठेवू नका.

"का? आता तं लोक मान देई ऱ्हायनात," ते म्हणाले.

"म्हनीसनच," मी म्हटलं. मान देतात म्हणूनच.

त्यांना कळलं. ते हुशार होते, परमुलखात राहिलेले. पण भाभीला कळलं नाही. मी तिला समजावलं आमच्या त्या मधल्या भाषेत, दोन-तीन वेळा. भीती समजावणं फार कठीण असतं, त्या भाषेत शब्द कमी पडत. तिला एवढंच समजलं की बहिणीने घरातून काढलं. ती माझ्याशी बोलायची थांबली. जात्यावर एकटी बसायची, मी आले की उठायची. सासूबाईही मला टाकून बोलल्या. "इतलं करीसन आते तिले धाडी ऱ्हायनी? तुन्हा मनमा काय शे ते देवले ठाऊक."

माझ्या मनात खापरच्या बाजारातली ती बाई होती, पण ते सांगायला पुन्हा तोंड उघडणं आलं असतं.

काढणी झाल्यावर ते दोघं निघाले. नंदुरबारहून सुरत, सुरतेहून मुंबई, आणि तिथून आगबोट. गाडी जुंपली तेव्हा सगळं गाव निरोप द्यायला आलं. कोणी शेंगा दिल्या, कोणी गूळ. भाभीने सगळ्यांना हात जोडले, सासूबाईंच्या पायांशी बसली, माझ्या मुलीला उचलून छातीशी धरलं आणि तिच्या ऐकू येणाऱ्या कानात काहीतरी म्हणाली. मुलगी हसली. मी दारात उभी होते. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

गाडी नदीच्या उताराला लागेपर्यंत मी वाट पाहिली. मान सरळ ठेवून, पाठ फिरवून ती बसली होती. रागावलेली होती. धडधाकट होती, दोन्ही डोळ्यांनी पुढची वाट बघत होती. मी घरात आले आणि मुलीला विचारलं, काय म्हणाली गं ती तुला? तिला सांगता आलं नाही. तिला ते शब्द येत नव्हते.